नियमित तपासणीचा भाग म्हणून

गोंदियातल्या एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी सोळा वर्षांपासून टेक्निशियन आहे. रक्त काढते, तपासते, रिपोर्ट टाइप करते. खाली सही डॉक्टरसाहेबांची असते. ते सकाळी तासभर येतात, बाकी दिवसभर लॅब माझ्याच भरवशावर. राइस मिलवाले, शाळावाले, सिक्युरिटी एजन्सीवाले माणसं कामावर घेण्याआधी त्यांना आमच्याकडे मेडिकलसाठी पाठवतात. अशीच आलेली एक मुलगी होती. तिच्याबद्दल मी आजवर घरातसुद्धा पूर्ण सांगितलेलं नाही.

त्या गोष्टीला आता पाच वर्षं होतील. एका मिलमधून सहा जण आले होते. पाच पुरुष आणि ही एकटी. वय असेल तेवीस-चोवीस, बारीक अंगाची, डोळ्यांत किंचित पिवळेपणा. दरेकशाजवळच्या गावाहून सकाळच्या पॅसेंजरनं आली होती आणि मालगाड्यांना वाट देत देत गाडी दीड तास उशिरा पोचली म्हणून सगळ्यांच्या शेवटी बसली होती. मी दंडाला पट्टा बांधला तसं ती म्हणाली, "या हाताची नस नाई भेटत ताई. उजव्याची घ्या, मनगटाच्या वर."

स्वतःच्या नसा इतक्या पाठ असलेला माणूस निरोगी नसतो, हे या कामात लवकरच कळतं. मी उजवा हात घेतला.

"कोणत्या कोणत्या टेस्ट आहेत?" तिनं विचारलं.

"नेहमीच्याच. सीबीसी, शुगर, रक्तगट."

मिलच्या कागदावर तेवढंच लिहिलेलं होतं, त्यामुळं तेव्हा मी खोटं बोलले नव्हते. कापूस दाबून ती थोडा वेळ बाकावर बसली. मिलच्या छोट्या प्रयोगशाळेत तिला काम मिळणार होतं. आलेल्या धानाचा नमुना घ्यायचा, मशीनवर ओलावा बघायचा, शंभर दाण्यांत तुटके किती ते मोजून लिहायचं. टेबलावरचं काम. तिनं बीएस्सी केलं होतं आणि मिलनं घेतलेल्या परीक्षेत ती पहिली आली होती. सोमवारपासून या, असं सांगूनही झालं होतं. हे सगळं तिनंच सांगितलं, अगदी साधेपणानं. गावातून मिलच्या ऑफिसात नोकरीला लागणारी ती पहिलीच मुलगी होती.

ती गेल्यावर मिलच्या मॅनेजरचा फोन आला. "मैडम, वो दरेकसा, सालेकसा साइड के जो दो लोग हैं ना, उनका सिकलिंग भी देख लेना. बाद में छुट्टी बहुत मारते हैं."

"कागजपर नहीं लिखा है," मी म्हणाले.

"अरे, लिखना क्या है. रिपोर्ट मेरे मोबाइल पे भेज देना."

मिल आमचं कायमचं गिऱ्हाईक. मी टेस्ट लावली. काचपट्टीवर रक्ताचा थेंब, त्यात एक रसायन, वर दुसरी पातळ काच, मग वाट बघायची. पेशी गोलच राहिल्या तर काही नाही. विळ्यासारख्या वाकल्या तर सिकलिंग पॉझिटिव्ह, म्हणजे रक्तात सिकलसेल. आईबापांकडून येणारा हा आजार आमच्याकडच्या जंगलपट्ट्यात बराच आहे. सालेकशाकडच्या माणसाच्या गोल राहिल्या. तिच्या वाकल्या. हिमोग्लोबिन, जे बाईचं बाराच्या आसपास हवं, ते तर आठच्याही खाली होतं. तिच्या अंगात आजारच होता, आणि तो तिला लहानपणापासून माहीत असणार, हे माझ्या लक्षात आलं.

एक गोष्ट इथंच सांगायला हवी. कोर्स करताना आम्ही मुलं-मुली एकमेकांच्या रक्तावर टेस्ट शिकलो, तेव्हा माझ्याही पेशी वाकल्या होत्या. मी वाहक आहे. वाहकाला त्रास होत नाही, पण काचेखाली त्याच्याही पेशी वाकतात. मला कामावर घेताना डॉक्टरसाहेबांनी माझं रक्त तपासायला सांगितलं असतं, तर माझ्याही कागदावर तेच दोन शब्द आले असते. कोणी सांगितलं नाही. मीही कोणाला सांगितलं नव्हतं.

रिपोर्ट टाइप केला, फोटो काढला आणि मॅनेजरला पाठवला. तिला विचारावं असं मनात आलंच नाही, असं म्हणणं सोपं आहे. मनात आलं होतं. पण पुढं सायकल स्टँडवाल्याची शुगर होती, एका बाळंतिणीची थायरॉइड होती, आणि मी कामाला लागले.

आठ-दहा दिवसांनी ती परत आली. लॅबमध्ये दोघं-तिघं बसले होते. ती काउंटरसमोर उभी राहिली आणि आवाज न चढवता बोलली.

"ताई, माझ्या रक्ताचा रिपोर्ट तुमी त्याईले देला?"

"मिलनंच पाठवलं होतं ना तुला."

"सिकलिंग कोणी सांगतलं होतं?"

मी पेशंटकडं बघितलं, मग तिच्याकडं. आत ये म्हणाले. ती आत आली नाही.

"मले विचारलं काऊन नाई? म्या सांगतलं असतं. बारा वर्साची असल्यापासून गोळ्या खाऊन राहिली मी. दोन वर्सं झाली, दवाखान्यात भरती झाली नाई. हे बी सांगतलं असतं. त्या कागदावर हे कुठी आहे?"

मॅनेजरनं तिला खुर्ची देऊन, पाणी विचारून सांगितलं होतं की मिलमध्ये धूळ फार, तुमची तब्येत नाजूक, उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय. तिनं टेबलाचं काम आहे म्हटलं तर तो हसून म्हणाला की मालक ऐकत नाहीत. सोमवारी तिच्या जागी दुसराच मुलगा बसला.

तिला तिच्या रिपोर्टची प्रत हवी होती. मी छापून दिली. तिनं घडी न घालता ती प्लास्टिकच्या फाइलीत ठेवली. जाताना म्हणाली, "मी वकीलाकडं जाऊन राहिली. तुमचं नाव येईन त्याच्यात."

मला वाटलं रागात बोलली. पण ती खरंच गेली. कोर्टाजवळ बसणाऱ्या एका वकीलबाईंनी तिची केस घेतली आणि महिनाभरानं त्या तिला घेऊन स्वतःच लॅबमध्ये आल्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर सरकवून बोलणाऱ्या. त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. सिकलसेल आता कायद्यानं दिव्यांगत्वात येतं. तिच्याकडं तसं प्रमाणपत्र आहे. सरकारी कार्यालय असतं तर नोकरीत भेदभाव करू नये हे कलम सरळ लागलं असतं. मिल खासगी आहे, म्हणून वाट थोडी लांबची. तरी दिव्यांगत्वावरून माणसाला डावलू नये, हे कायद्यात सगळ्यांसाठीच आहे, आणि मोठ्या आस्थापनेला समान संधीचं धोरण लिहून लोकांना दिसेल असं ठेवावं लागतं. तक्रार पुण्याला, दिव्यांग आयुक्तांकडं केली आहे.

"मिलवाले काय म्हणतील ते मला माहीत आहे," वकीलबाई म्हणाल्या. "म्हणतील, आम्हाला आजार माहीतच नव्हता, जागाच एक होती. किंवा म्हणतील, टेस्ट सगळ्यांचीच होते. तुम्ही एवढंच लिहून द्या की फोनवर सांगून फक्त दोघांची टेस्ट करायला लावली. खरं आहे तेवढंच."

मी म्हणाले, "विचार करून सांगते."

 मुलगी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होती.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरसाहेबांना विचारलं. ते रिपोर्टवर सह्या करत होते. मान वर न करता म्हणाले, "लिहून द्यायचं असेल तर द्या. तुमची मर्जी. मग मात्र उद्यापासून इथं यायची गरज नाही. मिलचं काम गेलं तर बाकीचेही जातील." नंतर थोड्या वेळानं, जरा मऊ आवाजात, त्यांनी एक उपाय सुचवला. "असं लिहा ना, नियमित तपासणीचा भाग म्हणून सिकलिंग केलं. त्यात खोटं काय आहे? आपल्या भागात करतातच."

माझी मुलगी तेव्हा दहावीत होती. नवऱ्याचं दुकान नुकतंच बंद पडलं होतं. ही कारणं खरी आहेत, पण ती मी स्वतःलाच इतक्यांदा सांगितली आहेत की आता सांगताना मला त्यांचा कंटाळा येतो. मी कागद घेतला आणि डॉक्टरसाहेबांनी सांगितलं तसं लिहिलं. सदर तपासणी ही नियमित तपासणीचा भाग म्हणून करण्यात आली. खाली माझी सही.

ती कागद न्यायला एकटीच आली. तिथंच उभ्या उभ्या वाचला. एकदा वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला.

"दोघांचीच केली ना ताई?" तिनं विचारलं.

"हो."

"मंग हे काय लिहून राहिले तुमी?"

मी तिला माझी गोष्ट सांगायला लागले. मी पण वाहक आहे, मला पण कळतं, वगैरे. माझं बोलणं तिनं मध्येच थांबवलं.

"तुमी वाहक आहा ताई. तुमचं दुखत नाई."

कागद मात्र तिनं नेला. तपासणी मिलसाठी झाली होती हे दाखवणारा दुसरा कुठलाच कागद तिच्याजवळ नव्हता.

सुनावणी व्हिडिओवर झाली. गोंदियाच्या एका सरकारी कार्यालयात, कॉम्प्युटर ठेवलेल्या खोलीत आम्ही बसलो. ती, तिचे बाबा, वकीलबाई आणि मागच्या खुर्चीवर मी. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण घरी थांबवेना. तिचे बाबा धुतलेलं पांढरं धोतर नेसून आले होते आणि पडद्यावरच्या आयुक्तसाहेबांना दर वेळी हात जोडत होते. मिलच्या वकिलानं थोडक्यात मांडलं. आमच्याकडं नोकरीपूर्व तपासणी सर्वांची होते, सिकलिंग हा त्याचाच भाग आहे, त्यात कोणाला वेगळं काढलेलं नाही. आणि वकीलबाईंनी जोडलेल्या कागदातलं माझंच वाक्य त्यानं वाचून दाखवलं. मला ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना वाटलं, किती व्यवस्थित वाक्य आहे. त्यात बोट घालायला जागाच नव्हती.

साहेबांनी तिला विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे का. ती उठून उभी राहिली. व्हिडिओवर उभं राहायचं नसतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळं पडद्यावर तिचा चेहरा दिसेनासा झाला आणि नुसती ओढणी दिसत राहिली. ती म्हणाली, "सर, मला काम येतं की नाही हे त्यांनी बघितलं होतं. परीक्षेत बघितलं होतं." एवढंच बोलून बसली.

साहेबांनी चुकीचं काही केलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्यासमोर जे कागद होते त्यांवरूनच त्यांना ठरवायचं होतं. काही आठवड्यांनी आदेश आला. मिलनं समान संधीचं धोरण तयार करून लावावं आणि पुढं भरती करताना काळजी घ्यावी. तिच्या जागेबद्दल, भेदभाव सिद्ध होत नाही, असं होतं. आता मिलच्या गेटजवळ एक लॅमिनेट केलेला कागद टांगलेला आहे. इंग्रजीत आहे. मी त्या रस्त्यानं जाते तेव्हा दिसतो.

वर्षभर तिची काही खबर नव्हती. मग एके दुपारी ती आली, उन्हातून चालत. मी पाणी दिलं. तिनं दोन ग्लास पाणी सावकाश संपवलं आणि एक कागद समोर ठेवला. रायपूरच्या एका गोदामात पॅकिंगचं काम होतं. तिकडं जॉइन होताना सीबीसीचा रिपोर्ट मागितला होता.

"सिकलिंग नाई मागतलं त्याईनं. नुसतं सीबीसी."

"मग काढते ना."

"काढू नोका. काढून काय होते, तुमाले माहीत आहे. हिमोग्लोबिन आठ येईन. आठ पायलं की विचारतात." ती थांबली. "अकरा लिहा."

मी पेन खाली ठेवलं.

"ताई, मागं तुमी खरं लिहून पाठवलं, मले न विचारता. मंग कोर्टाच्या वेळी लिहिलं, ते खरं नव्हतं. आता एक माझ्यासाठी लिहा."

मी नाही म्हणाले. अकरा लिहिलं आणि उद्या काही झालं, रक्त द्यायची वेळ आली, तर डॉक्टर त्या आकड्यावर विश्वास ठेवतील, हे मी तिला सांगितलं. ते खरंच होतं. पण बोलताना माझ्याच कानांना ते मॅनेजरसारखं लागलं. तुझ्याच भल्यासाठी, असंच काहीसं मी बोलत होते. मग मी म्हणाले, गोदामवाल्यांना आधीच सांग, तहान आणि थंडीनं हे दुखणं उठतं, पाणी पिऊ द्या, थंडीत उभं करू नका म्हणून सांग, कायदा आहे.

"कायदा होताच ना मागं बी," ती म्हणाली.

ती रागावली नव्हती. कागद उचलून निघाली, तेव्हा दारात थांबून म्हणाली, "दुसरीकडं भेटते ताई असा रिपोर्ट. तुमच्याकडून भेटला असता त बरं वाटलं असतं, म्हणून आली."

त्यानंतर तीन वर्षांनी, म्हणजे गेल्या हिवाळ्यात, मी तिला सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात पाहिलं. आधी ओळखलंच नाही. ती भिंतीला धरून चालत होती आणि दुसऱ्या हातात काठी होती. तिच्या मागून तिचे बाबा पिशवी घेऊन येत होते. त्यांनी मला ओळखलं आणि नमस्कार केला. सुनावणीत वाचलेला तो कागद माझा होता हे मुलीनं त्यांना सांगितलं नव्हतं, हे मला त्या नमस्कारावरून कळलं.

आम्ही बाकावर बसलो. रायपूरला तिनं दोन वर्षं काम केलं होतं. आजार कोणाला सांगितला नाही. गोळ्या ओव्याच्या डबीत ठेवायची, कोणी विचारलं तर ओवा खाते म्हणायची. संडासला गेलं की किती वेळ लागला ते मोजत असत म्हणून दिवसभर पाणी कमी प्यायची. दिवाळीनंतर गोदामात थंडी फार, आणि उभंच राहायचं. अंग दुखायला लागलं की पाळी आली म्हणायची. एकदा तीन दिवस दुखणं थांबलं नाही, तरी ती कामावर गेली, कारण सुटी मागितली तर कारण सांगावं लागलं असतं. मग कमरेच्या खुब्यात दुखायला लागलं ते राहिलंच. एक्स-रे काढला तेव्हा डॉक्टर म्हणाले, खुब्याच्या हाडाला रक्त न मिळून ते आतून खलास झालंय.

"गोदामवाल्यांना कळलं का, काय झालं ते?" मी विचारलं.

"त्याईले वाटते, पडली कुठंतरी."

मग तिनं पिशवीतून एक नवीन प्रमाणपत्र काढून दाखवलं. सरकारी भरतीत दिव्यांगांच्या राखीव जागा असतात, पण कोणत्या दिव्यांगांना त्या मिळतात याची यादी वेगळी आहे. त्या यादीत सिकलसेल नाही. पायाचं अपंगत्व आहे.

"आता मी यादीत बसते ताई," ती म्हणाली. "पाय गेला तवा बसली."

तिनं दोन ठिकाणी फॉर्म भरले होते. परीक्षेची पुस्तकं मागवली होती. हे सांगताना तिच्या आवाजात थोडा उत्साहही होता, आणि मला तो ऐकवला नाही. मी लघवीला जाऊन येते असं सांगून उठले आणि नळाजवळ जाऊन उभी राहिले.

त्या आठवड्यात मी कागद घेतला आणि जे झालं ते लिहिलं. फोन आला होता, दोघांचीच तपासणी करायला सांगितली होती, कागदावर ती तपासणी नव्हती, मुलीला विचारलं नव्हतं, आणि आधीचं निवेदन मी दबावाखाली दिलं होतं. एक प्रत पुण्याला पाठवली. डॉक्टरसाहेबांनाही दाखवली. ती वाचून त्यांनी परत दिली. त्यांनी मला काढलं नाही. मिलचं काम आता दुसऱ्या लॅबकडं गेलं आहे, ते तसंही वर्षभरापूर्वीच गेलं होतं. पुढं काही आठवड्यांनी पुण्याहून उत्तर आलं की प्रकरण निकाली निघालेलं आहे. वकीलबाई म्हणाल्या, करता येईल काही, पण आता ती मुलगी नको म्हणते.

दुसरी प्रत घेऊन मी त्याच आठवड्यातल्या रविवारी तिच्या गावी गेले होते. ती अंगणात खाटेवर बसून तांदूळ निवडत होती. तिनं कागद वाचला, या वेळी एकदाच.

"चांगलं लिहिलं," ती म्हणाली. "आता याचं काय करू?"

 तिची आई चहा घेऊन आली. कोणीतरी ओळखीची मॅडम गोंदियाहून भेटायला आली, एवढंच त्या माउलीला माहीत होतं, आणि त्या आनंदात तिनं जेवूनच जा असा आग्रह धरला. मी चूल फुंकायला बसले तर मला उठवलं.

जेवण होईपर्यंत आम्ही दोघी अंगणात बसलो. मी पण सुपात थोडे तांदूळ घेतले. निवडता निवडता तिनं विचारलं, "तुमच्या पोरीची केली का तपासणी?"

"केली. तीही वाहक आहे. आता नर्सिंगला आहे, पुढच्या वर्षी नोकरी बघेल."

"मंग तिले सांगून ठेवा," ती म्हणाली, "कोणी विचारलं त..."

तिथंच ती थांबली.  खरं सांगावं की सांगू नये, हे तिला माझ्या मुलीसाठी ठरवता येत नव्हतं. मलाही आलं नसतं. तिनं हातातले खडे अंगणात टाकले, काठी घेतली आणि आईनं हाक मारली म्हणून आत जायला उठली. उठायला तिला वेळ लागत होता. मी हात पुढं केला, आणि तिनं तो धरला.